पाटाच्या कडेचे आमचे सण

नीरा स्टेशनवर उतरून बारामतीकडच्या एस.टी.त बसलं, की थोड्याच वेळात खिडकीतून उसाशिवाय दुसरं काही दिसेनासं होतं. निंबूत मागं पडतं, वाघळवाडी येते आणि उसाच्या वाढ्यांवरून साखर कारखान्याचं धुराडं डोकं काढतं. तिथं आमचं सोमेश्वरनगर. जवळच्या करंजे गावातल्या सोमेश्वराच्या देवळावरून कारखान्याला नाव पडलं आणि कारखान्यावरून वसाहतीला. दक्षिणेला नीरा नदी वाहते. नदीपलीकडं सातारा जिल्हा सुरू होतो. अलीकडून इंग्रजांच्या अमदानीत, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी काढलेला नीरा डावा कालवा जातो. आमच्याकडं त्याला सगळे पाटच म्हणतात. या पाटावर ऊस, उसावर कारखाना आणि कारखान्यावर आमच्यासारख्यांची पोटं.

इथं वर्ष कॅलेंडरवर मोजत नाहीत, हंगामावर मोजतात. दिवाळीच्या आगेमागे बॉयलर पेटतो. बीड, पाथर्डीकडच्या ऊसतोडणी टोळ्या येतात, माळावर कोप्या उभ्या राहतात. मग उन्हाळ्यात कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत रात्र आणि दिवस सारखेच. हवेत मळीचा वास, अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवर धुराड्याची काळी बुकणी. आम्हा दोघांपैकी एकजण कारखान्यात फिटर आणि एकजण अंगणवाडीत मदतनीस. घरात दोन मुलं आणि आई. आई म्हणजे मुलांची आजी. हे सगळं सांगायचं कारण, आमच्या घरातले सण कसे बदलले ते सांगायचं आहे आणि ते या गावाला सोडून सांगता येणार नाही.

काही वर्षांपूर्वीपर्यंत आमच्या घरी १४ एप्रिल म्हणजे पुरणपोळी होती. आदल्या दिवशी डाळ निवडायची, पहाटे चूल पेटवायची, गॅस एकच असल्यानं अंगणातही तीन दगड मांडायचे. नातेवाईक, कारखान्यातले सोबती, आळीतली माणसं, अशी वीस-पंचवीस पानं उठायची. वाण्याच्या वहीत आमच्या नावापुढं जो आकडा पडायचा, तो फिटता फिटता बुद्धपौर्णिमा यायची आणि खिरीसाठी नवा आकडा पडायचा. असाच एक १४ एप्रिल उलटला. रात्री मिरवणूक संपवून मुलं घरी आली. थोरलीनं विचारलं, "आजी, यंदा चित्ररथ केवढा मोठा होता, बघितलास का?" आजी चुलीपाशीच भिंतीला टेकून झोपली होती. आईनं बघितला नव्हता आणि घरातल्या सुनेनंही नाही. दोघींनी मग हिशेब केला. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि अकरा वर्षांत सुनेनं बुद्धविहारातलं एकही भाषण ऐकलेलं नव्हतं. आईनं तर आपली वर्षं मोजायचंच टाळलं.

ज्यांनी स्त्रीला माणूस म्हणून उभं केलं, त्यांच्या जयंतीला आपल्या घरातल्या दोन बायका पोळपाटापुढून उठल्या नाहीत. वाचकहो, ही गोष्ट आम्हाला त्या रात्री टोचली. मुलांना विचारलं, आज काय झालं? त्यांनी पोळी, आमटी, कुरडई, पापड अशी यादी सांगितली. सणातून ताट काढलं तर त्यांच्या हातात काहीच उरत नव्हतं.

टोचलं तेव्हा आम्ही घाई केली आणि चुकलो. त्याच वर्षी बुद्धपौर्णिमेला कुणाला न सांगता ठरवून टाकलं, की आज फक्त खिचडी. दुपारी नणंद मुलांना घेऊन आली. वैशाखाच्या उन्हात तीन गाड्या बदलून आली होती. तिच्यापुढं खिचडीचं ताट गेलं. ती काही बोलली नाही, पण निघताना उंबऱ्यावर म्हणाली, "काही करायचं नव्हतं तर निरोप द्यायचा होता." आई दोन दिवस आमच्याशी बोलली नाही. मुलंही फुरंगटली. खाणं काढलं होतं आणि त्या जागी काही ठेवलं नव्हतं, म्हणजे आम्ही सण साधा केला नव्हता, नुसता रिकामा केला होता. तिसऱ्या दिवशी आई एवढंच म्हणाली, "माझ्या दारातनं माणूस अर्धपोटी गेलं." त्या वाक्याचं वजन तेव्हा आम्हाला कळलं नाही. ते पुढच्या वर्षी कळलं.

पुढच्या १४ एप्रिलला आम्ही महिनाभर आधी बसलो. मुलांसकट बसलो. ठरलं ते असं. पहाटे सगळ्यांनी पांढरी वस्त्रं घालून पाटाच्या कडेनं चालायचं. उजाडल्यावर एका झाडाखाली बसून त्रिसरण-पंचशील म्हणायचं. मग प्रत्येकानं, लहानानं आणि मोठ्यानंही, एक खरी गोष्ट सांगायची. ती आपल्या घरातली किंवा आपल्या माणसांची असली पाहिजे, पुस्तकातली चालणार नाही. तिथून सगळ्यांनी मिळून विहारात जायचं आणि भाषणं संपेपर्यंत कुणी स्वयंपाकासाठी उठायचं नाही. भाकरी-पिठलं आदल्या रात्रीच करून ठेवायचं. पाहुण्यांना आधीच निरोप द्यायचा, की यंदा जेवायला नव्हे, चालायला या.

आई म्हणाली, "मी येते. पण पोळी केल्याबिगर सण होत नाही, हे माझं म्हणणं हाय." आम्ही गप्प राहिलो.

उन्हाळी आवर्तन चालू होतं, पाट भरून वाहत होता. कडेच्या बाभळींवर बगळे बसले होते. हंगाम संपत आलेला, धुराड्याचा धूर पातळ झालेला. थोरलीनं शाळेतल्या बाईंची गोष्ट सांगितली. धाकट्यानं मागच्या साली मांजर कसं सापडलं ते सांगितलं, तेही आम्ही ऐकून घेतलं. मग आईची पाळी आली. ती बराच वेळ पाण्याकडं बघत राहिली आणि मग बोलू लागली.

आई नदीपलीकडच्या एका खेड्यातली. १९५६ साली ती अकरा-बारा वर्षांची होती. त्याच्या आधी त्यांच्या घराकडं येसकरकीची पाळी आली, की संध्याकाळी पाटी घेऊन घरोघर भाकरी मागायला जावं लागे. होळी, पाडवा, दसरा अशा सणांना पोळ्या. आईची आई पुढं आणि ही मागं, पाटी धरून. ओट्यापासून लांब उभं राहून हाळी द्यायची. आतलं माणूस जेवून उठल्यावर बाहेर येई आणि हाताचा स्पर्श होऊ नये म्हणून वरूनच पाटीत टाकी. पंचवीस-तीस घरच्या, शिळ्या, अर्ध्या, कोर तुटलेल्या पोळ्या. उरलेले तुकडे छपरावर वाळवायचे आणि पुढं आठ-पंधरा दिवस पाण्यात शिजवून खायचे. गावात ज्या दिवशी सण, त्या दिवशी यांच्या पायाला वणवण.

धाकट्यानं विचारलं, "मग आजी, तू नको का नाही म्हणालीस?"

"भूक नको म्हणती व्हय रे?" आई म्हणाली.

वाचकहो, महाडला मार्च १९२७ मध्ये परिषद भरली, तेव्हा बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस आणि उष्टं, शिळं अन्न सोडा, असं आपल्या माणसांना बजावलं होतं. चवदार तळ्याचं पाणी सगळ्यांना आठवतं, ही दुसरी शिकवण तेवढी आठवत नाही. अनेक गावांनी ती तेव्हाच पाळली. काही गावांना वतनाच्या दोरीनं आणखी पंचवीस-तीस वर्षं बांधून ठेवलं. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षा झाली. कनिष्ठ गाववतनं कायद्यानं रद्द झाली ती १९५८ साली. आईचं गाव या दोन तारखांच्या मध्ये उभं होतं.

आई पुढं सांगत होती. "नागपूरच्या दुसऱ्या साली आमच्या आळीत दीक्षा झाली. त्या राती माझ्या आईनं ती पाटी मोडली आणि चुलीत घातली. तिच्या जाळावर पाणी तापवलं आणि आम्हा पोरांना आंघोळी घातल्या. घरात भाकर नव्हती त्या दिवशी. दाणाच नव्हता. पण लई मोठा सण झाला."

आमच्यापैकी कुणी काही बोललं नाही. एवढ्या वर्षांत हे आम्ही कधीच ऐकलं नव्हतं. ऐकणार कधी? सांगण्याचा दिवस १४ एप्रिल आणि त्या दिवशी तिची पाठ आमच्याकडं नि तोंड चुलीकडं.

आणि तेव्हाच तिची पोळीही कळली. आम्ही समजत होतो, की आई जुन्या सवयीला धरून आहे. तसं नव्हतं. जिनं लहानपणी लोकांच्या पोळ्या पाटीत झेलल्या, तिला आपल्या दारात, आपल्या पैशांची, तव्यावरची गरम पोळी दुसऱ्याच्या पानात वाढण्यात स्वाभिमान वाटत होता. माणूस अर्धपोटी गेलं म्हणून ती दोन दिवस का बोलली नाही, तेही कळलं. खाणं हा आमचा शत्रू नव्हता. फक्त ते सगळा दिवस गिळून बसलं होतं.

त्या दिवशी आईशी तह झाला. पोळी करायची, पण संध्याकाळी, विहारातून आल्यावर. आणि करायची सगळ्यांनी. आई म्हणाली, "लाटायला पोरगं बसंल." धाकट्याची पहिली पोळी महाराष्ट्राच्या नकाशासारखी झाली. ती आईनं स्वतःच्या पानात घेतली.

पुढच्या बुद्धपौर्णिमेला नणंदेला आधी निरोप गेला. ती आली. खीर झाली, पण वाटीवाटी. सुजातेनं दिलेली खीरही एका पात्रातलीच होती. त्यानं सिद्धार्थाच्या अंगी बळ आलं, पण पौर्णिमा आपण ध्यानात ठेवली ती पिंपळाखाली पुढं जे घडलं त्यासाठी. रात्री आम्ही सगळे चांदण्यात पाटाच्या पुलावर जाऊन तास-दीड तास बसलो. नणंद म्हणाली, माहेरी येऊन अशी निवांत आपण कधी बसलोच नव्हतो.

मग एकेक दिवसाला त्याचं त्याचं काम लागत गेलं. जमलं ते टिकलं, नाही जमलं ते सुटलं.

आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत वर्षावास. पूर्वी पावसाळ्यात भिक्खूसंघ एका जागी राहायचा. आमच्याकडं कारखान्याचंही तसंच असतं. या महिन्यांत गाळप बंद, यंत्रं उघडून दुरुस्तीची कामं चालतात आणि फिटर माणूस संध्याकाळी घरी सापडतो. म्हणून आम्ही या काळात रोज रात्री 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मधली दोन पानं मोठ्यानं वाचतो. बाबासाहेबांचा हा ग्रंथ मुळात इंग्रजीत, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. वाचायची पाळी लावलेली आहे. थोरली भरभर वाचते, धाकटा अडखळतो, आई ऐकते आणि मध्येच अडवून विचारते. तिच्या प्रश्नांनी कधी दोन पानांना तास लागतो. वर्षावास संपतो आणि कारखान्यात बॉयलर पेटवायची तयारी सुरू होते.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास, हंगामाआधी, जमेल त्या वर्षी एक लेणं बघायचं असं ठरवलं. पहिल्यांदा कार्ल्याला गेलो. नीरेहून रेल्वेनं पुणे, तिथून लोणावळ्याची लोकल, मळवलीला उतरायचं. डोंगराच्या पायऱ्या चढताना आईला तीनदा बसावं लागलं. चैत्यगृहाच्या खांबांवर आणि भिंतींवर ब्राह्मी अक्षरांत दान देणाऱ्यांची नावं आहेत. ती आम्हाला वाचता येत नव्हती, म्हणून एका पुस्तकातून आधीच उतरवून नेली होती. धेनुकाकट गावचा सिंहदत्त, सुगंधी द्रव्यं विकणारा, त्यानं दाराचं काम दान दिलं. त्याच धेनुकाकटचा सामी नावाचा सुतार, त्यानंही दाराचं काम केलं. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका सुताराचं नाव दगडात कोरलं जातं, हे ऐकून आमच्यातला फिटर त्या दारापाशी बराच वेळ उभा राहिला. येताना गाडीत धाकट्यानं विचारलं, कारखान्याच्या मिलवर कुणाकुणाची नावं कोरली आहेत? त्याला उत्तर द्यायचं अजून राहिलं आहे.

६ डिसेंबर ऐन हंगामात येतो. चैत्यभूमीला जावंसं वाटतं, पण पाळी सुटत नाही. मग आम्ही घरीच संध्याकाळी मेणबत्ती लावतो, थोडा वेळ शांत बसतो आणि दुसऱ्या दिवशी कोप्यांवर जातो. आता महाराष्ट्रात ठिकठिकाणी लोक या दिवशी हारफुलांऐवजी वह्या-पेनं गोळा करून गरजू मुलांना देतात. आम्हीही तेच करतो. ऊसतोड मजुरांची मुलं निम्मं वर्ष आईबापांमागं फिरतात आणि त्यात शाळा हातची जाते. थोरली त्या मुलांना वह्यांवर नावं घालून देते. पहिल्या वर्षी एका मुलीनं आपलं नाव बघून विचारलं, "हे मीच का?" थोरलीनं तिला ते नाव चार वेळा गिरवायला लावलं.

आणि ३ जानेवारी. हा दिवस आईनं निवडला. नीरा नदीचा पूल ओलांडला, की लोणंद आणि तिथून शिरवळच्या बाजूला नायगाव. सावित्रीबाई फुले यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी इथं झाला. पुण्यात १८४८ साली भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, तिथं त्या शिकवू लागल्या. १८९७ सालच्या प्लेगमध्ये आजाऱ्यांची सेवा करता करता त्यांना रोग लागला आणि १० मार्चला त्या गेल्या. हे सगळं आई आता तोंडपाठ सांगते. नायगावात त्या दिवशी गर्दी उसळते, लांबलांबून शाळांच्या मुली येतात. आई शाळेचं तोंडही न बघितलेली बाई. ती स्मारकातल्या प्रत्येक चित्रापुढं थांबते आणि खाली काय लिहिलं आहे ते नातीकडून वाचून घेते. आम्ही घाई करत नाही. डब्यात चटणी-भाकरी असते. ती कधी खाल्ली, कुणाच्या ध्यानातही राहत नाही.

या सगळ्यात पैसा वाचला का, असं भावकीतले विचारतात. वाचला. प्रवासाला लागतो, पण वाण्याच्या वहीतला आकडा खूप खाली आला. त्यातून दरवर्षी १४ एप्रिलला एक पुस्तक घ्यायचं आणि पहिल्या पानावर वर्ष लिहून सगळ्यांनी सह्या करायच्या, असा रिवाज पडला. आईचा अंगठा असतो. स्टीलचे डबे जिथं होते, त्या फळीचा एक कोपरा आता पुस्तकांना मिळाला आहे.

आमचं बघून आळीतली आणखी दोन घरं पहाटे पाटावर येऊ लागली. काहीजण नावंही ठेवतात, "जेवायला घालायला नको म्हणून चालायला नेतात." ठेवू द्यावीत. ज्यांना आपल्या घरी असं काही करून बघायचं असेल, त्यांना आमच्या चुकीवरून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. घरातल्या बायकांना आणि म्हाताऱ्यांना आधी विचारा. ताटातला एखादा पदार्थ त्यांनी का धरून ठेवला आहे, ते ऐकून घ्या. आणि पाहुण्याला अंधारात ठेवू नका. दाराशी आलेलं माणूस उपाशी जाता कामा नये. त्याला पोटभर भाकरी आणि ऐकण्यासारखं काहीतरी, दोन्ही मिळालं पाहिजे. एका वर्षी एकच दिवस बदला. सगळं एकदम करायला गेलात, तर आमच्या खिचडीसारखं होईल.

असो. येत्या ३ जानेवारीला नायगावला जायचं आहे. आईचे गुडघे आता एस.टी.ची पायरी चढू देत नाहीत, म्हणून आळीतल्या एका रिक्षावाल्याला आत्ताच विचारून ठेवलं आहे. तो येतो म्हणाला. त्याची मुलगीही येणार आहे. आईनं अट घातली आहे, की रिक्षात पुढच्या बाजूला ती बसणार, म्हणजे नदी आधी तिला दिसेल.

जयभीम.